आधी वीज, मग चित्र, शेवटी मेमरी

कळव्यात ठिकठिकाणी जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. घर रिकामं करायचं म्हणजे माळा उपसावा लागतो. खारेगाव असो, विटावा असो की मनीषानगर, माळ्यावरचा ऐवज साधारण सारखाच. पितळेची भांडी, गणपतीचं मखर, दहावीच्या वह्या. आणि एखाद्या घरात त्यांच्यामागे एक चपटं काळं खोकं निघतं. वर बटणं, कोपऱ्यात तिरके रंगीत पट्टे. तो घरातला पहिला कॉम्प्युटर.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या कुणी हौसेनं घेतलेला. किंवा कुणाच्या मामानं परदेशातून बॅगेत घालून आणलेला.

हे आवाहन अशा घरांसाठी आहे. तुम्हाला इलेक्ट्रॉनिक्स येत नसेल तरी चालेल. थोडा धीर धरा आणि सांगितलेला क्रम पाळा, एवढंच मागणं आहे.

खोकं खाली आलं की घरातली मुलं सरसावतात. व्हिडिओ बघून सांगतात, याची मेमरी वाढवू, याला एचडीएमआय लावू. उत्साह चांगला आहे, तो मोडू नका. पण क्रम चुकला तर चाळीस वर्षं टिकलेलं मशीन एका मिनिटात जातं. म्हणून आधी वीज बघा, मग चित्र, आणि मेमरी अगदी शेवटी. बहुतेक घरांत मेमरीपर्यंत जायची गरजच पडत नाही, हेही तुम्हाला पुढे दिसेल.

मशीन कोणतं ते ओळखा

आपल्याकडच्या घरांत सापडतो तो बहुधा सिंक्लेअर स्पेक्ट्रम किंवा त्याचा भाऊबंद. इंग्लंडमध्ये तो २३ एप्रिल १९८२ रोजी बाजारात आला. दोन प्रकार होते. एकात १६के मेमरी, दुसऱ्यात ४८के. बटणं रबराची.

१९८४ मध्ये स्पेक्ट्रम प्लस आला. त्याची बटणं कडक प्लास्टिकची. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनं १९८६ मध्ये परवाना घेऊन तोच भारतात आणला. त्याचं नाव डीबी स्पेक्ट्रम प्लस. १९९० च्या सुमारास त्याची विक्री थांबली.

शाळेच्या अडगळीत सापडलं असेल तर ते मशीन वेगळं असू शकतं. १९८४ मध्ये केंद्र सरकारनं शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला. त्यात बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटर दिले गेले. ते आकारानं मोठे, फिकट रंगाचे, वरच्या ओळीत लाल बटणं असलेले. त्यांच्याबद्दल खाली वेगळं सांगितलं आहे.

४८के म्हणजे किती? आज तुम्ही फोनवर काढता तो एक साधा फोटोही त्यात मावणार नाही. तेवढ्यात त्या काळी पोरांनी प्रोग्रॅम लिहिले, हिशेब केले, खेळ खेळले.

मशीनच्या खाली चिकटवलेला कागद वाचा. नाव, क्रमांक, जे असेल त्याचा फोटो काढून ठेवा. अजून काहीही प्लगला लावायचं नाही.

आधी वीज

सगळ्यात जास्त मशीन इथेच मरतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

स्पेक्ट्रमला ९ व्होल्टचा अॅडॉप्टर लागतो. मूळ अॅडॉप्टर हरवलेला असतो. मग घरातला वायफायचा किंवा सेट टॉप बॉक्सचा अॅडॉप्टर हाताशी येतो. पिन बसते. पिन बसली म्हणजे अॅडॉप्टर चालेल असं समजू नका.

अॅडॉप्टरच्या पाठीवर एक छोटं चित्र छापलेलं असतं. मध्ये ठिपका, त्याभोवती अर्धगोल, आणि दोन्ही बाजूंना तारांनी जोडलेली अधिक-उणेची चिन्हं. मधल्या ठिपक्याला कोणतं चिन्ह जोडलंय ते बघा. हल्लीच्या बहुतेक अॅडॉप्टरांत मधला भाग अधिक असतो. स्पेक्ट्रमला नेमकं उलटं लागतं. त्याचा मधला भाग उणे आणि बाहेरचा अधिक.

उलटा अॅडॉप्टर लावलात तर आतले भाग जळू शकतात. कधी धूर येतो, कधी तोही येत नाही. मशीन गप्प होतं आणि का गप्प झालं ते तुम्हाला कळतही नाही.

शंका असेल तर मल्टिमीटर आणा. अॅडॉप्टरच्या पिनच्या आत लाल टोक लावा, बाहेर काळं. आकड्याच्या आधी उणे चिन्ह दिसलं तर तो अॅडॉप्टर स्पेक्ट्रमच्या कामाचा. उणे चिन्ह दिसलं नाही तर बाजूला ठेवा.

जुना मूळ अॅडॉप्टर मिळाला आणि मीटरवर ९ ऐवजी १२ किंवा त्याहून थोडे जास्त व्होल्ट दिसले, तर घाबरू नका. मशीन जोडलेलं नसताना तो तसंच दाखवतो. जोडल्यावर आकडा खाली येतो. पण जुन्या अॅडॉप्टरची वायर कडक झाली असेल, तडे गेले असतील, तर तो वापरू नका. ९ व्होल्टचा, दीड ते दोन अँपियरचा नवा चांगला अॅडॉप्टर घ्या आणि त्याची पिन मधला भाग उणे अशी जोडून घ्या. टीव्ही दुरुस्त करणारा माणूस हे बसल्या बसल्या करून देईल.

१२ व्होल्टचा अॅडॉप्टर लावायचा मोह टाळा. जास्तीची वीज आत उष्णता होऊन बाहेर पडते आणि त्या उष्णतेनं आजूबाजूचे भाग भाजतात.

या मशीनला चालू-बंद करायचं बटण नाही. म्हणून बटण असलेला एक्स्टेन्शन बोर्ड घ्या आणि तिथूनच चालू-बंद करा. वरच्या बाजूला एका ठिकाणी मशीन कोमट होतं, ते ठीक. हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा.

आणखी एक नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मशीन चालू असताना मागच्या फटीत काहीही घालायचं नाही आणि तिथलं काही काढायचं नाही. जॉयस्टिकची पेटी असो, मेमरीची असो की प्रिंटरची. आधी वीज बंद, मग हात. जोडताना ती पेटी किंचित तिरकी बसली तरी दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि आतल्या चिप्स जातात.

ओल आणि मीठ

कळवा खाडीला लागून आहे. आपल्याकडच्या हवेत ओल आहे आणि मीठही आहे. लोखंडी ग्रील चार पावसाळ्यांत गंजते ते आपण बघतो. मशीनच्या आतल्या तांब्याच्या पट्ट्या त्याच हवेत चाळीस वर्षं राहिल्या आहेत.

म्हणून खाली काढलं की लगेच चालू करू नका. मऊ ब्रशनं धूळ काढा. खोलीत पंख्याखाली चार-पाच दिवस राहू द्या. उन्हात ठेवू नका, प्लास्टिक पिवळं पडतं आणि वाकतं. भर पावसाळ्यात सापडलं असेल तर थोडं थांबलात तरी काही बिघडत नाही.

मागच्या फटीतल्या पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर शाळेचा साधा खोडरबर हलक्या हातानं फिरवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसा. मेडिकलमध्ये किंवा मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात ते मिळतं. रॉकेल, थिनर, भांडी घासायची पावडर, यातलं काही लावू नका.

पेटी उघडायची असेल तर खालचे स्क्रू काढून वरचं झाकण अगदी हळू उचला. बटणांपासून बोर्डापर्यंत दोन पातळ चपट्या पट्ट्या गेलेल्या असतात. वयानं त्या वाळक्या पानासारख्या झालेल्या असतात. झाकण झटकन उचललंत की त्या तुटतात, आणि निम्मी बटणं बंद. दोन बोटांत धरून सरळ वर ओढा म्हणजे सुटतात. तुटल्याच तर बटणांखालचा नवा पडदा बाहेरच्या देशातून मागवता येतो. पण तो खर्च कशाला?

कॅसेट आधी वाचवा

मशीनबरोबर कॅसेटची पिशवीही असते. तिच्याकडे कुणी बघत नाही. खरं तर मशीनपेक्षा ती जास्त जपायला हवी.

तेव्हा प्रोग्रॅम साध्या ऑडिओ कॅसेटवर साठवले जायचे. बाजारातले खेळ आज कुठूनही मिळतील. तुमच्या वडिलांनी लिहिलेला घरखर्चाचा प्रोग्रॅम, ताईनं केलेली पाढ्यांची परीक्षा, हे जगात दुसरीकडे कुठेच नाही. शिवाय तेव्हा कॅसेट महाग होती. एका बाजूला प्रोग्रॅम आणि दुसऱ्या बाजूला घरातल्या बारशाचं रेकॉर्डिंग, असंही व्हायचं.

काय करायचं ते सांगतो.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे चौकोन असतात. ते तोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी वरून काही भरलं जाणार नाही.

टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वाजवू नका. तीच बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडला लागते आणि पुढची कॅसेट खराब होते. ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

चांगल्या कॅसेट एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण फिरवून घ्या. मग टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपमध्ये आवाज म्हणून उतरवून घ्या. आवाज बेसूर किंचाळल्यासारखा येईल. तोच प्रोग्रॅम आहे, बंद करू नका. दोन्ही बाजू उतरवा. प्रत्येक फाइलला कॅसेटवरचं हातानं लिहिलेलं नाव द्या. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक घरातल्या दुसऱ्या कुणाकडे.

हे झालं की निम्मी चिंता मिटली. पुढे मशीन बिघडलं तरी आतला ऐवज तुमच्याजवळ राहिला.

मग चित्र

आता टीव्ही.

स्पेक्ट्रमच्या मागे टीव्हीची वायर लावायचं गोल भोक असतं. त्यातून तो एखाद्या दूरदर्शन केंद्रासारखं चित्र पाठवतो. यूएचएफ पट्ट्यातलं ३६ नंबरचं चॅनल. जुन्या टीव्हीवर गोल चकती फिरवून ते पकडायचं, चित्र स्थिर होईपर्यंत श्वास रोखायचा, हे ज्यांनी केलंय त्यांना आठवत असेल.

तुमच्या एलईडी टीव्हीत अजूनही अँटेनाचं भोक असेल तर आधी तिथेच लावून बघा. मशीन चालू करा. टीव्हीच्या मेनूत अॅनालॉग चॅनल शोधायला सांगा. डिजिटल नको. शोध पुढे सरकत गेला की एका ठिकाणी पांढरा पडदा दिसेल आणि खाली एक ओळ. १९८२, सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड. ती ओळ दिसली की समजा, मशीन जिवंत आहे. ते चॅनल साठवून ठेवा.

टीव्हीतून आवाज आला नाही तर काळजी करू नका. या मशीनचा आवाज त्याच्या पोटातल्या छोट्या स्पीकरमधून येतो, टीव्हीतून येत नाही.

चित्र मिळालं पण मुंग्या दिसतात, अक्षरं पसरट वाटतात. यावर साधा उपाय आहे. मागच्या भोकाजवळ आत एक पत्र्याची डबी असते. चित्राला केंद्राचं रूप देण्याचं काम ती करते. तिच्यात बोर्डाकडून दोन तारा जातात. एक ५ व्होल्टची, दुसरी चित्राची. वीजवाली तार सोडवून तिचं टोक टेपनं बंद करायचं. डबीतली जुनी जोडणी भोकापासून सोडवायची आणि चित्राची तार थेट भोकाच्या मधल्या टोकाला जोडायची. मग त्याच भोकातून टीव्हीच्या पिवळ्या एव्ही इनपुटला लागेल असं चित्र मिळतं. हात बसलेल्या माणसाला हे किरकोळ काम आहे.

त्या माणसाला दोन गोष्टी आवर्जून सांगा. काहीही कापायचं नाही आणि सुटा भाग फेकायचा नाही. म्हणजे उद्या वाटलं तर मशीन पहिल्यासारखं करता येईल. पेटीला नवं भोक पाडून देतो म्हणाला तर नको म्हणा.

नव्या टीव्हीत कधी पिवळं भोक नसतं, इअरफोनसारखं एकच भोक असतं. त्याची तीन तोंडांची वायर टीव्हीबरोबर येते. वायर दुसऱ्या कंपनीची असेल तर पिवळ्या तोंडाला चित्र मिळेलच असं नाही. लाल आणि पांढऱ्यालाही लावून बघा.

टीव्हीला फक्त एचडीएमआय असेल तर मध्ये एक छोटी डबी लागते. इथे बरेच जण फसतात. बाजारात दोन डब्या मिळतात आणि दिसायला त्या जुळ्या असतात. एक एव्हीचं एचडीएमआय करते, दुसरी एचडीएमआयचं एव्ही. तुम्हाला पहिली हवी. डबीवर बाण कुठून कुठे छापलाय ते वाचून घ्या. ती 'पाल' पद्धतीचं चित्र घेते ना, तेही विचारा. तिला स्वतःची ५ व्होल्टची वीज लागते, फोनचा चार्जर चालतो.

डबीनं निळा पडदा दाखवला तर लगेच मशीनला दोष देऊ नका. या जुन्या कॉम्प्युटरचं चित्र टीव्ही केंद्राइतकं काटेकोर नसतं. काही डब्या आणि काही टीव्ही ते घेतच नाहीत. शक्य असेल तर विकत घेण्याआधी दुकानातच लावून बघा, किंवा बदलून देण्याची बोली करून घ्या.

ऑफिसातला जुना कॉम्प्युटर मॉनिटर कामाला येईल का, असं बरेच जण विचारतात. नुसत्या वायरनं नाही येणार. हे मशीन सेकंदाला साधारण १५,६०० आडव्या रेघा काढतं. त्या मॉनिटरला ३१,००० च्या वर लागतात.

घरात पेटीएवढा जुना टीव्ही असेल तर स्पेक्ट्रमचं चित्र त्यावर सगळ्यात छान दिसतं. पण तो टीव्ही स्वतः उघडू नका. चित्रनळीत हजारो व्होल्ट साठून राहतात, प्लग काढल्यावरही. ते काम टीव्ही मेकॅनिकचंच.

शेवटी मेमरी

आता ज्यासाठी मुलं मागे लागली आहेत ते.

मेमरी वाढवायची गरज आहे का, हे मशीनलाच विचारा. पी बटण दाबा, पडद्यावर प्रिंट हा शब्द येईल. मग एक्स्टेन्ड मोडचं बटण दाबून ओ दाबा, पीक येईल. रबरी बटणांच्या मशीनवर एक्स्टेन्ड मोडचं वेगळं बटण नाही, तिथे दोन्ही शिफ्ट एकदम दाबायची. पुढे २३७३२ लिहा. सिम्बॉल शिफ्टबरोबर के दाबून अधिक चिन्ह, मग २५६, सिम्बॉल शिफ्टबरोबर बी दाबून गुणिलेची फुली, पुन्हा एक्स्टेन्ड मोड आणि ओ, आणि २३७३३. शेवटी एंटर.

उत्तर ६५५३५ आलं तर तुमच्याकडे पूर्ण ४८के आहे. इथेच थांबा. त्या काळातले बहुतेक खेळ आणि प्रोग्रॅम तेवढ्यातच चालतात. डीबी स्पेक्ट्रम प्लस मुळात ४८के चाच आहे.

उत्तर ३२७६७ आलं तर दोन शक्यता. मशीन १६के चं आहे, किंवा ४८के चं असून वरची मेमरी बंद पडली आहे. खालच्या कागदावरून आणि मॉडेलवरून ते कळेल. स्पेक्ट्रम प्लसवर हा आकडा दिसला तर ती दुरुस्तीची गोष्ट आहे. मेमरी वाढवायचा प्रश्नच नाही.

इथे चित्र आणि मेमरीचं नातं समजून घ्या. गच्चीवरच्या एकाच टाकीतून दोन विंगांना पाणी जावं, तसं या मशीनमध्ये खालच्या १६के मधूनच प्रोग्रॅमही चालतो आणि पडदाही रंगतो. एका पडद्याला ६,९१२ बाइट लागतात. म्हणून १६के च्या मशीनवर तुमच्या प्रोग्रॅमसाठी साधारण ९के च उरतात. आणि म्हणूनच खालची मेमरी बिघडली की चित्रच बिघडतं. उभे पट्टे, रंगीत चौकोन, काळा पडदा. लोक टीव्हीला दोष देत बसतात.

असं चित्र दिसलं तर मशीन चालू ठेवून बघत बसू नका, ताबडतोब बंद करा. खालच्या मेमरीच्या आठ चिप्सना तीन प्रकारची वीज लागते. ५ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि उणे ५ व्होल्ट. उणे ५ गायब झालं आणि बाकीची वीज चालू राहिली तर त्या चिप्स जळतात.

दुरुस्त करणाऱ्याला म्हणा, दादा, चिप बदलायच्या आधी व्होल्टेज मोजा. चिपचा नंबर ४११६. पहिल्या पायावर उणे ५, आठव्यावर १२, नवव्यावर ५ मिळायला हवेत. हे न बघता नव्या चिप्स लावल्या तर त्याही जातात, आणि पैसे दोनदा.

१६के चं ४८के करायचं असेल तर ते जमण्यासारखं आहे. एकूण १२ चिप्स लागतात. आठ मेमरीच्या, चार त्यांना वाट दाखवणाऱ्या. बऱ्याच बोर्डांवर त्यांच्या जागा आधीच केलेल्या आहेत. मूळ मेमरी चिपचा नंबर ४५३२. तिची गंमत अशी की ६४के च्या चिपचा अर्धा भाग कारखान्यात सदोष निघायचा, तिचा चांगला अर्धा वापरून ही स्वस्त चिप विकली जायची. आज ती शोधत बसू नका. ४१६४ नंबरची अख्खी ६४के ची चिप त्या जागी चालते. बोर्डावरची तारेची छोटी जोडणी मात्र चिपप्रमाणे बरोबर लावावी लागते. हे जुनं काम केलेल्या माणसालाच द्या.

१२८के करून देतो असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नको म्हणा. त्यासाठी बोर्डावर बरीच चिरफाड होते. खरी गरज बहुतेकांना कॅसेटची कटकट टाळण्याची असते. त्यासाठी मागच्या फटीत बसणारी, एसडी कार्ड घेणारी पेटी मिळते. ती लावा, काढा, मशीन जसंच्या तसं राहतं. वीज बंद करून, हे विसरू नका.

शाळेतलं मशीन असेल तर

बीबीसी मायक्रो सापडला असेल तर तो थेट २३० व्होल्टला लागतो. म्हणून धोका जास्त. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये पिवळसर पारदर्शक आवरणाचे कपॅसिटर असतात. जुने झाले की त्यांना तडे जातात, ओल आत शिरते आणि चालू केल्यावर काही वेळानं ते फुटतात. खोलीभर धूर आणि घाण वास. प्लगला लावायच्या आधी ते बदलून घ्या. शिपाईकाकांना किंवा विद्यार्थ्यांना चालू करून बघ असं सांगू नका.

त्यात १६के किंवा ३२के मेमरी असते. सगळ्यात बारीक अक्षरांच्या पडद्याला त्यातली २०के लागते. म्हणून चित्र उत्तम हवं तर प्रोग्रॅमला जागा कमी, हा हिशेब तिथेही आहेच.

कुणाकडे द्यावं, सामान कुठून आणावं

आपल्या भागात अजून जुने टीव्ही दुरुस्त करणारे कारागीर आहेत. मोबाइलवाल्यापेक्षा त्यांच्याकडे जा. जुना टीव्ही ज्यानं उघडलाय त्याला हे बोर्ड परकं वाटत नाही.

काम देण्याआधी बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. चिप काढायची तर तिचे पाय कापून एकेक पाय काढा, अख्खी चिप तापवून उपसू नका, असं सांगा. या बोर्डाच्या पट्ट्या पातळ आहेत, जास्त उष्णतेनं उचलल्या जातात. नवी चिप थेट डाख देऊन बसवण्यापेक्षा सॉकेटमध्ये बसवा. पुढच्या वेळी डाख द्यावा लागणार नाही. काढलेले भाग परत मागून घ्या.

घरीच डाख देणार असाल तर खिडकी उघडी ठेवा, लहान मुलांना बाहेर काढा. जुन्या डाखात शिसं असतं. काम झालं की साबणानं हात धुवा, मगच चहा.

चिप्ससाठी लॅमिंग्टन रोड. सरकारी पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. कळव्याहून स्लो लोकलनं दादर, तिथून पश्चिम रेल्वेनं ग्रँट रोड, आणि पुढे थोडं चालणं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. चिपचा नंबर कागदावर लिहून न्या, जुन्या चिपचा फोटोही न्या. आठ लागत असतील तर दहा घ्या. जुन्या मालात एखाददुसरी मेलेली निघतेच, आणि तेवढ्यासाठी पुन्हा लोकलची गर्दी नको.

नुसतं खेळायचंच असेल तर

मुलाला फक्त तो जुना खेळ खेळायचा असेल तर मशीनला हातही लावू नका. लॅपटॉपवर किंवा फोनवर हुबेहूब स्पेक्ट्रमसारखं चालणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. उतरवून घेतलेल्या कॅसेटच्या फाइली त्यात चालतात. वडिलांचा प्रोग्रॅम अर्ध्या तासात पडद्यावर दिसेल, आणि मशीन सुखरूप राहील.

मशीन नकोच असेल तर भंगारात देऊ नका. भंगारवाला त्याला प्लास्टिकच्या भावानं घेईल. आधी नातेवाइकांत विचारा, मग जवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत. जुने कॉम्प्युटर जपणारी हौशी माणसं आहेत, बंद पडलेलं मशीनही ती आनंदानं नेतात. मोडकी चित्रनळी मात्र कचरापेटीजवळ ठेवू नका, तिच्या काचेत शिसं असतं. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्रालाच ती द्या.

आणि शेवटचं एक काम. ते आजच करता येईल, कारण त्याला पैसे लागत नाहीत. एक जाड कागद घ्या. त्यावर ठळक लिहा. ९ व्होल्ट, मधला भाग उणे, दुसरा अॅडॉप्टर लावू नये. खाली मशीनचं नाव, प्रिंट-पीकचं उत्तर किती आलं तो आकडा, आणि आत काही बदललं असेल तर काय, कधी, कुणी. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मशीनच्या खोक्यात ठेवा. अॅडॉप्टरवरही त्याच मशीनचं नाव चिकटवा. नव्या घरात सामान लावताना खोकं कुणाच्याही हाती लागेल, आणि त्या माणसाला आधी तो कागद दिसायला हवा.